दोघं पाण्यावर आहेत तोवर

—नाही गं, बस की. कुणाची नाही ही जागा, बॅग माझीच आहे, थांब काढते. सावली काय ती एवढ्याच बाकावर आहे आणि बाळ झोपलंय तुझं, उन्हात कुठे स्ट्रोलर घेऊन उभी राहतेस? मगाशी फोनवर 'तू काय करून राहिली' असं म्हणालीस ना, तेव्हाच म्हटलं, ही नागपूरची. हो ना? बघ. आम्ही ट्रॉयला असतो. मी डोंबिवलीची, नवरा मिरजेचा, दहा वर्षं झाली इथे मिशिगनमध्ये. शैलजा माझं नाव. मला काकू म्हटलंस तरी चालेल, नाही म्हटलंस तर जास्त चालेल. बोटिंगला आलात का तुम्ही? नुसतंच फिरायला? बरं करता. मी सांगते तुला, नुसतं यावं आणि नुसतं जावं, प्लॅन म्हणून करू नये काही. आमचा हा 'फॅमिली डे' आहे ना आजचा, तीन आठवडे चाललाय. तीन आठवडे! आधी तारीख. मग पाऊस आला तर कुठली तारीख. मग ऑनलाइन बुकिंग—एक शिडाची बोट, दोन कनू, दहा ते एक—मग प्रत्येकाचा तो फॉर्म, पोहता येतं का, वजन किती, काही झालं तर फोन कुणाला करायचा. मी सगळ्यांच्या फॉर्मवर माझाच नंबर टाकला. मग लक्षात आलं, अगं मी पण इथेच असणार ना, मग मला काही झालं तर? पण ते असो. डबे, सनस्क्रीन, कुणाला काकडी चालत नाही, कुणाला दही. पहाटे पाचला उठून सव्वीस पराठे लाटलेत मी आणि आत्ता बघ, अकरा वाजून गेले, कुणी एक खाल्ला नाहीये. तू घे एक. घे गं. बटाट्याचा आहे.

कोण कोण आलंय ना? दाखवते. ते लाल शीड दिसतंय, त्या टोकाला, जागचं हलत नाहीये बघ—वाराच पडलाय आज—त्या बोटीत नेत्रा आहे, माझ्या मोठ्या दिरांची मुलगी. अॅन आर्बरला शिकते, कॉलेजच्या सेलिंग क्लबात आहे, एकटी शीड चढवते, उतरवते, बघत राहावं असं. तिच्यासोबत माझी दोघं. आश्लेषा नऊ वर्षांची, आणि तो केशरी जॅकेटमधला गोळा दिसतोय तो वीर. साडेचार. ती झाडाखाली सतरंजीवर पाठमोरी बसलीये ना, ती माझी जाऊ, अहिल्यावहिनी. आणि ती कनू—ती लांबट हिरवी होडी, पुलाच्या अलीकडे—त्यात पुढे बसलाय तो माझा नवरा, यतीन. मागे वल्हं धरून आहेत ते मनोहरभावजी. दोघं सख्खे भाऊ. संपलं, एवढेच आम्ही. म्हणजे एवढ्याशा माणसांसाठी तीन आठवडे, म्हणशील तू. पण ही एवढीशी माणसं पाच वर्षांत एका जागी आली नव्हती.

भारतात? नाही गं, भारतात कुठले. नोव्हायला राहतात ते. ट्रॉयहून नोव्हाय—पंचवीस मिनिटं, ट्रॅफिक लागला तर चाळीस. पंचवीस मिनिटांवर राहून पाच वर्षं तोंड बघितलं नाही एकमेकांचं. म्हणजे एकदा बघितलं. त्या इंडियन ग्रोसरीत, डाळींच्या रांगेत, समोरासमोर. यतीनने भरलेली ट्रॉली तिथल्या तिथे सोडली आणि बाहेर जाऊन कारमध्ये बसला. मी मागून गेले तर स्टिअरिंग धरून बसलेला, गाडी सुरूसुद्धा केली नव्हती. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, 'काही नाही, तूरडाळ नव्हती.' मी मागे बसून आश्लेषाचा बेल्ट लावला.

आता का? आता म्हणजे भावजींनी कंपनीचं पॅकेज घेतलं, रिटायर झाले, घर विकलं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सामान बोटीने जाणार आणि हे दोघं कायमचे पुण्याला. वहिनींचा फोन आला मला—आम्ही दोघी बोलतो गं, जावांनी कधी सोडलं नाही, गुपचूप दुपारचा फोन करतो, लोणच्याचं, मुलांचं, कुणाचं गुडघ्याचं. तर म्हणाल्या, 'शैलजा, एकदा तरी भेटू देत गं यांना. नंतर नुसत्या बातम्याच कळायच्या.' मी म्हटलं, कसं? घरी बोलवायचं तर हा उठून बेसमेंटमध्ये जाईल. हॉटेलात बोलवायचं तर भावजी येणार नाहीत. तर त्या म्हणाल्या, नेत्राला केव्हापासून सगळ्यांना सेलिंगला न्यायचंय, तिच्या नावावर बोलवू. तिला नाही म्हणणार नाहीत दोघं. आणि खरंच, नाही म्हटलं नाही. यतीन एवढंच म्हणाला, 'पोरीसाठी येतो. दुसरी काही अपेक्षा ठेवू नकोस.' भावजी काय म्हणाले ठाऊक नाही, पण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आलेत. बोटिंगला, इस्त्रीचा शर्ट!

मी कागदावर लिहून काढलं होतं सगळं, फ्रिजवर लावलं होतं. साडेदहा ते साडेअकरा, शिडाची बोट—नेत्रा, भावजी, यतीन. कनूत आम्ही जावा आणि मुलं. मग जेवण. मग सगळे मिळून एक फोटो. असं बसवलं होतं मी. तिघांच्यात पोरगी असली की कसं, ती बोलत राहते, 'काका हे धरा, बाबा वाका,' ते धरतात, वाकतात, हसतात थोडं, पाण्यात हात घालतात. तेवढं झालं की झालं. घरी जाताना 'ये कधी पुण्याला' म्हणतील. तेवढं पुरे होतं. पण इथे येऊन बघतो तर वारा नाही. नेत्रा म्हणाली, 'काकू, with these two we won't move an inch, मी किड्सना घेते, they're light.' मी म्हटलं, नाही नाही, थांबू आपण, येईल वारा. तर ती म्हणे, 'बाबा, यतीनकाका, you guys take the canoe. It's just sitting there.' आणि दोघांच्या हातात एकेक वल्हं दिलं तिने. सगळ्यांसमोर. काय करणार दोघं, गेले. धक्क्यावर उभे होते ना दोघं, एकमेकांकडे बघत नाहीत, आणि भावजींनी सहज हात पुढे करून यतीनच्या जॅकेटचा पट्टा असा खेचून घट्ट केला. लहानपणी कृष्णेत पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांनीच पोहायला शिकवलंय याला, तेव्हा तो डबा असाच ओढून बघायचे म्हणे. यतीन उभा राहिला गुमान, हात बाजूला करून, शाळकरी पोरासारखा.

हो गं. चांगलंच आहे की. छानच झालं. कोण म्हणतं वाईट झालं? नाही, मी कुठे काळजीत दिसतेय? झोप झाली नाहीये, बाकी काही नाही. एवढंच की एकटे आहेत दोघं. आणि ती कनू अशी असते ना, एकाच्या पाठीमागे एक. तोंड दिसत नाही एकमेकांचं. तोंड दिसत नसलं की माणूस जास्त बोलतो. बोलावं त्यांनी, मला पण हवंय, पण एवढं नको. म्हणजे—सगळं उकरून काढायला नको. झालं गेलं.

काय झालं होतं? काय होणार, गैरसमज. आमच्या सासूबाई गेल्या मिरजेला, दोन हजार दोनच्या ऑक्टोबरात. भावजी पोचले, शेवटचा अर्धा दिवस मिळाला त्यांना. यतीन गेला नाही. भावजींना वाटतं, कळवूनसुद्धा आला नाही. यतीनला वाटतं, दादानेच येऊ नको म्हणून निरोप दिला आणि आई गेल्यावर पुन्हा फोनवर 'आता येऊ नकोस' म्हणाला, आईला एकट्याचीच करून घेतली त्याने. दोघंही एकाच आईचे, ताठ. एकानेही विचारलं नाही दुसऱ्याला, नक्की काय निरोप मिळाला तुला? एवढं एक वाक्य. पाच वर्षांत विचारलं असतं तर—नाही विचारलं ते बरंच आहे म्हणा. म्हणजे बरं नाही. तू खा ना तो पराठा, नुसता हातात धरून बसलीयेस.

निरोप चुकला असेल कुठेतरी. तसा काळही होता तो, सगळे घाबरलेले. यतीनच्या ऑफिसात दर शुक्रवारी दोघा-तिघांना कामावरून काढून, हातात सामानाचे खोके देऊन घरी पाठवत होते, त्यामुळे तो ऑफिसात कुणाचा फोन घेत नसे, सगळे फोन घरी. आणि व्हिसाचा शिक्का संपलेला. त्याच्याच टीममधला एक जण बहिणीच्या लग्नाला गेला, परतीचा शिक्का मिळेना, चार महिने अडकून पडला तिकडे, इथे बायको-पोर. जायचं म्हणजे परत कधी याल याचा नेम नाही. म्हणून मग कळवलं ना भावजींना, की याला नाही जमणार म्हणून.

कोणी म्हणजे? घरून कळवलं.

...घरी कोण असणार गं. मीच होते. आडवी होते. सहावा महिना, त्याआधी दोन गेलेले माझे, डॉक्टरने सांगितलेलं, बाथरूमपर्यंत जायचं तेवढंच उठायचं. वीर पोटात होता. आश्लेषा चार वर्षांची, तिचं दूध-पोळी यतीन सकाळी स्टुलावर ठेवून जायचा, माझ्या हाताशी. आणि फोन उशाशी. गुरुवार होता. दुपारी दोनला फोन वाजला. भावजी. म्हणाले, 'शैलजा, आई आठवडा काढत नाही म्हणतायत डॉक्टर. उद्या संध्याकाळच्या फ्लाइटला दोन सीट धरून ठेवल्यात. यतीन आला की लगेच फोन करायला सांग.' मी म्हटलं, हो भावजी. खरंच सांगणार होते. साडेसहाला तो आला, ओल्या बुटांनी आत आला, मला विचारलं, 'काही विशेष?' आणि मी म्हटलं, 'नाही.' एवढंच. ठरवून नाही म्हटलं असं नाही, तोंडातून तेच आलं. मग म्हटलं, जेवला की सांगू. मग म्हटलं, आश्लेषा झोपली की सांगू. भाजी गरम करत होता गं तो, एका हातात डाव आणि दुसऱ्या हातात ऑफिसचे कागद, आणि मी तिकडून बघत होते आणि मनात एकच, हा गेला तर मी मेले. मी आणि पोटातलं. आणि हे पण जाईल, तिसरं.

शुक्रवारी सकाळी परत फोन. 'अगं, त्याचा फोन नाही आला?' आणि मी—ऐक, मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही हे, तुला का सांगतेय कुणास ठाऊक—मी म्हटलं, 'भावजी, तो म्हणतोय त्याला नाही जमणार.' मग म्हणाले, 'असं म्हणाला?' मी म्हटलं, 'हो.' म्हणाले, 'ठीक आहे, तू जप.' तू जप म्हणाले मला. आणि शनिवारी संध्याकाळी, भावजींचं विमान सुटून दिवस झाल्यावर, मी यतीनला सांगितलं की आईंना जरा बरं नाहीये, अॅडमिट केलंय, दादा जाऊन येतोय, तू यायची काही गरज नाही म्हणाला. तो लगेच उठला, दादाला फोन लावतो म्हणाला. मी म्हटलं, ते निघालेसुद्धा. रात्रभर जागा होता, मिरजेला शेजारच्यांकडे फोन लावत बसला, कुणी उचलला नाही. सगळे हॉस्पिटलात. रविवारी दुपारी फोन आला. गेल्या. तेव्हाच भावजी म्हणाले ते, 'आता येऊ नकोस.'

सासूबाई विचारत होत्या म्हणे. वहिनींनी सांगितलं मला नंतर. धाकट्याचं विचारत होत्या आणि भावजींनी सांगितलं, मुंबईत उतरलाय, वाटेत आहे. त्यांनी पण खोटंच सांगितलं. पण त्यांचं खोटं आणि माझं खोटं—नाही, नको.

रडत नाहीये गं. नको, रुमाल आहे माझ्याकडे. रडणं केव्हाच संपलं, आता फक्त दमते. तुला सांगू, खोटं बोलायला काही लागत नाही, अर्धं मिनिट. ते सांभाळायला लागतं. फोन वाजला की मी आधी उचलते, पाच वर्षं. यतीन आईचा विषय काढतो तेव्हा मी ओट्याशी जाते. दर ऑक्टोबरात तो एक दिवस जेवत नाही, मी पण जेवत नाही, त्याला वाटतं मी त्याला सोबत करते. एकदा म्हणाला, 'तू होतीस म्हणून निभावलं गं मी.' आणि वीर. वीरला बघते ना, ते केशरी, तेव्हा वाटतं, परत तीच वेळ आली तर मी परत तेच करीन. आणि हे वाटतं ना, त्याचंच जास्त—

काय? कुठे? थांबलीये? हो, थांबलीये कनू. वल्ही आडवी ठेवलीत दोघांनी. अगंबाई, यतीन उलटा फिरतोय. कसा फिरतोय बघ, हलतेय केवढी, असं फिरायचं नसतं कनूत, सांगितलं होतं त्या बोटवाल्या माणसाने! बसला. बसला बाई. समोरासमोर बसलेत आता. भावजी काहीतरी बोलतायत, हात हलतोय त्यांचा. यतीन नुसता बसलाय.

आणि वहिनी बघ. मगापासून पाठ करून बसल्यात. इतकी मोठी सतरंजी, आणि मी इथे बाकावर एकटी, एकदा म्हणाल्या नाहीत ये म्हणून. आणि सकाळी त्या नेत्राशी कारपाशी काय बोलत होत्या? मी डबे काढत होते, मला वाटलं सनस्क्रीनचं काही असेल. नेत्रा एवढी पटकन कशी म्हणाली, बाबा, काका, तुम्ही कनू घ्या? अगं, वाऱ्याचं काय, वारा तर अर्ध्या तासाने येणारच होता, तो भाड्याने देणारा माणूस म्हणालासुद्धा. वहिनींना ठाऊक आहे. कधीपासून ठाऊक असेल गं? भावजी मिरजेहून आल्यावर एकदा मला विचारलं होतं त्यांनी फोनवर, 'यतीनला शुक्रवारी खूप काम होतं का गं?' मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, 'बरं.' आणि लगेच लोणच्याचं विचारलं. पाच वर्षं लोणच्याचं बोलतायत माझ्याशी. कधी टाकून नाही बोलल्या. आणि आता जाता जाता—नाही, रागावू कशाला? मी त्यांच्या जागी असते तर एवढी थांबले असते का?

वळली. येतायत. भावजीच वल्हवतायत एकटे, यतीन तसाच बसलाय त्यांच्याकडे तोंड करून, आपल्याकडे पाठ. मुलं बरी लांब आहेत. तिकडेच राहू देत. सांगू शकते मी अजून, माहितीये? गोळ्यांच्या गुंगीत होते, ऐकण्यात चूक झाली, दोन्हीकडचं उलटसुलट झालं. केव्हाचं तयार आहे ते माझ्याकडे, भांडी घासताना म्हणून बघते अधूनमधून. आणि पटेल त्याला. त्याला पटवून घ्यायचंच असेल, सहावा महिना होता म्हणेल, आजारी होती म्हणेल. भावजी पण मान हलवतील. आणि मग मी ते पण सांभाळत बसायचं. किती वर्षं, पंचवीस? तीस? नाही गं होणार माझ्याच्याने.

लागली धक्क्याला. भावजी उतरले. यतीनने हात दिला त्यांना, बघितलंस? हात दिला. धरून ठेवलाय अजून. सोडला. भावजी तिकडे चालले, वहिनींकडे. आणि हा इकडे येतोय. चेहरा कळत नाही, ऊन आहे त्याच्या पाठीमागून. जॅकेट पण काढलं नाहीये.

हो, इथेच आहे. ही होय? नाही, आत्ताच ओळख झाली, नागपूरची आहे. मुलं नेत्राबरोबर आहेत, ठीक आहेत. पाणी देऊ?

...

गुरुवारी, यतीन. गुरुवारी दुपारी आला होता. आणि शुक्रवारी सकाळी परत. दोन्ही वेळा मीच घेतला. नाही, ऐकण्यात चूक नव्हती झाली. नीट ऐकलं होतं मी. दोन सीट धरल्या होत्या त्यांनी.

तू जा गं आता. पलीकडे त्या मोठ्या झाडाखाली पण सावली आहे, बाळ उठेल तुझं. नाही, मला काही नको. जा.